कोठडीतली मारहाण, ठाण्यातले कॅमेरे आणि पोलिसांचा निधी: निवेदनात नेमकं काय मागायचं?

माळरान (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी आमच्या तालुक्यातले काही जण आमदार आणि जिल्हा परिषद अध्यक्षांना पोलीस कोठडीतल्या मारहाणीबद्दल निवेदन देणार आहोत. मसुदा लिहायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. काहींचं म्हणणं, पोलिसांवरचा खर्च दरवर्षी वाढतोय तरी मार काही थांबत नाही, तेव्हा अमेरिकेत २०२० साली झाली तशी निधी कापायची मागणी करा. बाकीच्यांचं म्हणणं अगदी उलट. ठाण्यात माणूस नाही, साधन नाही, तपासाला वेळ नाही, म्हणून पट्टा बाहेर निघतो. पैसा वाढवूनच मागा.

ठाण्यांत कॅमेरे तर आहेत, पण तक्रारीनंतर फुटेज मागितलं की बहुतेक वेळा "उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. हे खोटं असतं की त्यामागे तांत्रिक कारण असतं? ते पैशाने सुटतं का, आणि तो पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली मागायचा? शिवाय लॉकअपमध्ये मार बसल्याचं सांगत घरची माणसं आली तर पहिल्या दोन दिवसांत काय करायला सांगावं? भावनेची पत्रं आमच्याकडे भरपूर आहेत. हातात धरता येईल असं काही हवंय.

तारजोड

फुटेजचं आधी सांगतो, कारण तिथे सरळ गणित आहे.

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.२६५ कॉम्प्रेशन (चित्रण दाबून लहान करायची पद्धत), साधारण २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरा. एका दिवसाचे २१.६ जीबी होतात. ठाण्यात १६ कॅमेरे असतील तर दिवसाला जवळपास ३४६ जीबी. आता रेकॉर्डरमध्ये ४ टीबीची एकच डिस्क असेल तर ती साडेअकरा दिवसांत भरते आणि बाराव्या दिवशी पहिल्या दिवसावर नवं रेकॉर्डिंग चढतं. ८ टीबी असेल तर २३ दिवस. कुणी काही पुसायची गरजच नसते, यंत्र आपोआप पुसतं.

सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांबद्दलच्या २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात १८ महिने साठवण सांगितली आहे. बाजारात तेवढ्या क्षमतेचं यंत्र नसेल तर मिळेल तेवढी जास्तीत जास्त, पण कोणत्याही परिस्थितीत एक वर्षाच्या खाली नाही. वरच्याच हिशेबाने एका वर्षाला १२६ टीबी आणि १८ महिन्यांना १९० टीबी लागतात. म्हणजे ८ टीबीच्या २४ डिस्क, शिवाय एखादी बिघडली तर माहिती वाचावी म्हणून दोन जादा. टेबलाखालच्या चार हजारांच्या डीव्हीआरमध्ये हे बसत नाही. खरेदीच्या यादीत "१६ कॅमेरे, १ डीव्हीआर" लिहिलेलं असतं आणि साठवण किती दिवसांची हे लिहिलेलंच नसतं. सगळी गफलत त्या एका ओळीत आहे.

ही साठवण काही प्रमाणात कमी करता येते. फाटक, आवार, पार्किंगचे कॅमेरे १ एमबीपीएसवर ठेवा. लॉकअप, ठाणे अंमलदाराची खोली, कॉरिडॉर, अधिकाऱ्यांच्या खोल्या पूर्ण दर्जावर. पण "हालचाल झाली तरच रेकॉर्ड" ही सेटिंग लॉकअपच्या कॅमेऱ्याला कधीही लावू देऊ नका. माणूस निपचित पडलेला असेल तर यंत्राच्या लेखी तिथे काहीच घडत नाही, आणि नेमका तोच वेळ गायब होतो.

वीज हे दुसरं दुखणं. २४ डिस्कचा रेकॉर्डर, स्विच आणि १६ कॅमेरे मिळून साधारण ४०० वॅट ओढतात. चार तासांच्या भारनियमनाला १,६०० वॅट-तास लागतात. १२ व्होल्ट १५० एएचची एक बॅटरी कागदावर १,८०० देते. इन्व्हर्टरमधला तोटा आणि बॅटरीचं वय धरलं तर दोन घ्याव्याच लागतात. निकालात आवाजासह रेकॉर्डिंग सांगितलंय. कॅमेऱ्यात माइक असतो, पण रेकॉर्डरमध्ये ऑडिओ चॅनेल चालू केलेलं नसतं. रात्री इन्फ्रारेड दिव्यावर कोळ्याचं जाळं बसलं की चित्र पांढरं फटक. घड्याळ तर पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे असतंच. त्यामुळे फुटेज काढताना खरी वेळ आणि यंत्रावरची वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहून घ्या, नाहीतर न्यायालयात त्याच फरकावर पुरावा लटकतो.

ठाण्यात जाऊन "कॅमेरे चालू आहेत का" असं विचारू नका, स्क्रीनवर चित्र दिसतंच. "रेकॉर्डरमधलं सगळ्यात जुनं फुटेज कोणत्या तारखेचं आहे?" एवढंच विचारा आणि ते प्ले करून दाखवायला सांगा.

रोजनामा

तारजोड यांच्या आकड्यांवरून कायद्याची घाई कळते. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात आणि फुटेज बाराव्या दिवशी गेलेलं असतं. म्हणून फुटेजची प्रत मागण्याआधी ते जतन करा असं लेखी मागायचं, तेही त्याच दिवशी. ठाण्याचे प्रभारी अधिकारी, पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी तिघांना ईमेल करा. ठाणं, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या जागेचे कॅमेरे हे स्पष्ट लिहा. "सर्व फुटेज द्या" असं मोघम लिहिलं की नाकारायला सोपं जातं.

अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, कलम ५८). पहिल्या रिमांडला, म्हणजे याच हजेरीला, दोन गोष्टी करा. दंडाधिकारी मारहाणीची तक्रार आहे का विचारतात. आरोपी घाबरून "नाही" म्हणाला की रोजनाम्यात "तक्रार नाही" अशी नोंद होते आणि पुढे वर्षानुवर्षं तीच ओळ तोंडावर मारली जाते. तेव्हा वकिलाने आधी भेटून (कलम ३८ चा हक्क आहे) त्याला हे समजावलं पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे कलम ९४ खाली फुटेज हजर करण्याचा आणि तोवर जपून ठेवण्याचा अर्ज त्याच वेळी द्या. फुटेज पुरावा म्हणून वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि भाग ब, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर निकालात (२०२०) हे प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पक्कं झालं. तेव्हा जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-ब होतं, तत्त्व तेच आहे.

आता "उपलब्ध नाही" या उत्तराबद्दल. सैनी निकालातला एक परिच्छेद फार कमी जण वापरतात. कॅमेरे बंद असतील तर ठाणे प्रमुखाने ते याच निकालाने सांगितलेल्या जिल्हास्तरीय देखरेख समितीला लगेच कळवायचं असतं, आणि त्या बंद काळात त्या ठाण्यात ज्या अटका आणि चौकशा झाल्या त्यांची माहिती समितीला पाठवायची असते. म्हणजे "कॅमेरा बिघडला होता" असं लेखी आलं की ताबडतोब ते कळवल्याचं पत्र आणि त्या काळातल्या अटकांची यादी मागा. पत्र नसेल तर आदेशाचा भंग त्यांच्याच उत्तरातून सिद्ध होतो.

गंभीर इजा किंवा मृत्यू असेल तर राज्य मानवाधिकार आयोग किंवा मानवाधिकार न्यायालयाकडे तक्रार करता येते, आणि त्यांना फुटेज लगेच ताब्यात मागवता येतं. आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं. कबुलीसाठी मारहाण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० चा गुन्हा आहे. साधी इजा असेल तर सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ठाण्यात नोंद घेतली नाही तर बीएनएसएस कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी, आणि तिथेही हाललं नाही तर दंडाधिकारी.

केसपेपर

वैद्यकीय बाजू लिहितो, कारण कॅमेरा चुकला तरी अंगावरचा पुरावा काही दिवस राहतो.

अटकेनंतर लगेच तपासणी हा बीएनएसएस कलम ५३ चा हक्क आहे आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला मिळायलाच हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे. ग्रामीण रुग्णालयात काय होतं? शिपाई पत्र घेऊन येतो, आरोपी उभाच असतो, शर्टसुद्धा न काढता "कोणतीही बाह्य जखम नाही" लिहून केसपेपर परत जातो. दोन मिनिटांचं काम. डॉक्टरवर बाहेरच्या रांगेचा ताण असतो हे मान्य, पण हे दोन मिनिटांचं लिखाण एखाद्याचं आयुष्य उलटंपालटं करतं.

आग्रह धरा की पोलीस दाराबाहेर थांबतील, दिसतील पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर. कपडे काढून पाठ, नितंब, मांड्या आणि तळपाय पाहायला सांगा. काठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मधली पट्टी फिकी, रेल्वेच्या रुळांसारखी. गिरणीच्या पट्ट्याचा मार रुंद असतो आणि पहिल्या काही तासांत नुसती सूज दिसते, काळंनिळं दुसऱ्या दिवशी उमटतं. तळपायावरच्या माराला बाहेरून फारसं काही दिसत नाही. दाबल्यावर कळ, टाच टेकता न येणं, चालताना पायाच्या कडेवर भार, हे डॉक्टरने शब्दांत लिहायला हवं. वळाचा रंग आधी लालसर, मग निळा-जांभळा, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा, साधारण दोन आठवड्यांत नाहीसा. सावळ्या त्वचेवर हे रंग फसवे असतात. त्यामुळे रंगावरून तारीख ठामपणे काढता येत नाही, पण "ताजी नाही" किंवा "अटकेआधीची वाटत नाही" एवढं म्हणता येतं. प्रत्येक जखमेची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, शरीराच्या आकृतीवर खूण, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो.

तुमच्या निवेदनात ग्रामीण रुग्णालयासाठी छापील शरीर-आकृतीचा फॉर्म आणि मोजपट्टी मागा. पोलिसांच्या बजेटला हातही लागणार नाही.

कवायत

कॅमेऱ्यांवर सगळा भर दिलात तर मार जागा बदलतो. ठाण्यामागची जुनी क्वार्टर, खासगी गाडी, लॉज. आदेशात ठाण्याचा मागचा भागसुद्धा कॅमेऱ्याखाली हवा असं म्हटलंय ते याचसाठी, पण लॉजमध्ये कोण कॅमेरा लावणार? तेव्हा माणूस मारतो कशासाठी, तिथे हात घालायला हवा.

पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. पण आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू मिळाली, तर तेवढा भाग चालतो. जुन्या कायद्यात कलम २७, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक. म्हणून चोरी-घरफोडीत सगळा जोर मुद्देमाल काढण्यावर. वरून "डिटेक्शन किती" (किती गुन्हे उघडकीस आणले) असं विचारलं जातं, खाली एका अंमलदाराच्या नावावर तीस-चाळीस गुन्हे, न्यायवैद्यक अहवाल यायला महिने, त्यात बंदोबस्त. अशा ठाण्यात पट्टा हेच सगळ्यात स्वस्त तपाससाधन ठरतं. हे समर्थन नव्हे. मारून काढलेल्या तपासात खरा चोर सुटतो आणि ज्याच्या घरून जबरदस्तीने दागिना "काढला" त्याचं घर बुडतं. पण कारण नीट समजलं तर मागणी नीट करता येते.

मागा: आरोपी ज्या पंचनाम्यात वस्तू दाखवायचं कबूल करतो त्याचं सलग व्हिडिओ चित्रीकरण. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बीएनएसएस कलम १०५ ने सांगितलंच आहे, ते या टप्प्यापर्यंत मागे ओढा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं त्याच संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे, राज्यांना अंमलासाठी पाच वर्षांची मुदत. त्यासाठी माणसं आणि गाड्या मागा. आणि आठ तासांची पाळी. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात तो प्रयोग सुरू झाला, म्हणजे अशक्य नाही. सोळा तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती काठी आणि कोठडीची किल्ली एकत्र देणं धोक्याचंच.

जमावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी थोडक्यात. पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी किंवा त्याच्या गैरहजेरीत उपनिरीक्षक दर्जाच्या खाली नसलेला अधिकारीच देऊ शकतो (बीएनएसएस कलम १४८). हुकूम, तो ऐकू जाईल असा भोंगा, पांगायला वेळ आणि वाट, मगच बळ. चारही बाजूंनी कोंडून लाठी चालवली तर माणसं पळणार कुठे? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात १९९७ ला आणि मावळात २०११ ला थेट गोळ्या चालल्या. काठी आणि रायफल यांच्या मधल्या पायऱ्या, म्हणजे ढाल, हेल्मेट, भोंगा, अश्रुधूर, पाण्याचा मारा, ठाण्याजवळ नसतील तर हात पुढच्याच पायरीवर जातो. साधन असून सराव नसेल तरी तेच.

जमाखर्च

निधीचा मुद्दा. अमेरिकेची नक्कल इथे लागू पडत नाही आणि त्याचं कारण राजकीय आवडनिवड नाही. तिथे पोलीस बहुतेक ठिकाणी शहराचे. नगर परिषदच पैसे देते, तीच कापू शकते. ऑस्टिनच्या परिषदेने ऑगस्ट २०२० मध्ये १५ कोटी डॉलरच्या आसपास कपात ठरवली, त्यातला मोठा भाग खरं तर काही विभाग पोलिसांकडून काढून दुसरीकडे नेण्याचा होता. पुढच्याच वर्षी टेक्सास राज्याने कपात करणाऱ्या शहरांना दंड करणारा कायदा केला आणि पैसे परत आले. मिनियापोलिसमध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं खातं आणायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२१ च्या मतदानात पडला. न्यू जर्सीतल्या कॅम्डनने २०१३ मध्ये शहराचं खातं बरखास्त करून काउंटीचं उभं केलं, पण तिथे रस्त्यावरचे पोलीस वाढले. बळाच्या वापराचे नियम २०१९ मध्ये नव्याने लिहिले. निव्वळ "कमी" किंवा "जास्त" यातून तिथेही उत्तर निघालेलं नाही.

आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला विषय. नगरपालिका काही देत नाही, तिला काही कापताही येत नाही. अर्थसंकल्पात मुख्य लेखाशीर्ष २०५५ पोलीस, भांडवली खर्च ४०५५. २०५५ उघडा, आतली शीर्षं अशी: १०९ जिल्हा पोलीस, ००३ शिक्षण व प्रशिक्षण, ११५ आधुनिकीकरण, ११६ न्यायवैद्यक. सगळ्यात जाड रक्कम १०९ मध्ये आणि ती बहुतेक पगाराची. कापायचंच म्हटलं तर पगार कापता येत नाही. कात्री पहिली लागते प्रशिक्षणाला आणि देखभालीला. म्हणून कपातीची मागणी तुमच्याच हेतूवर उलटते.

खरी गळती दुसरीकडे आहे. कॅमेरे योजनेतून येतात: आधुनिकीकरण, जिल्हा नियोजन समिती, कधी आमदार निधी. पण वॉरंटी संपल्यावर देखभाल करार, मेलेली डिस्क, बॅटरी हा आवर्ती खर्च, तो कार्यालयीन खर्चात ढकलला जातो. तिथेच कागद, टोनर, किरकोळ दुरुस्त्या. मार्चमध्ये खरेदी, तीन वर्षांनी वॉरंटी संपते, चौथ्या वर्षी काळा पडदा. पोलिसांसाठीच्या केंद्राच्या छत्रयोजनेत (अनेक योजना एकत्र केलेली) २०२१-२२ ते २०२५-२६ साठी एकूण २६,२७५ कोटी होते, त्यात राज्यांच्या पोलीस आधुनिकीकरणाला ४,८४६ कोटी. हप्ता मात्र आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय सुटत नाही.

तेव्हा निवेदनातलं वाक्य असं करा: "प्रत्येक कॅमेरा खरेदीसोबत पाच वर्षांच्या देखभालीची आणि किमान एक वर्षाच्या साठवणुकीची तरतूद असल्याशिवाय मंजुरी देऊ नये." आणि ते योग्य माणसाला द्या. सैनी निकालाप्रमाणे जिल्हा समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक यांच्याबरोबर महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख असतात. म्हणजे तुमचे जिल्हा परिषद अध्यक्ष नुसते निवेदन स्वीकारणारे नाहीत, ते या समितीचे सदस्य ठरतात. त्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलंही नसेल. राज्य समितीत गृह सचिव, पोलीस महासंचालक, महिला आयोग आणि वित्त सचिवही आहेत. पैसा मागणारा आणि देणारा एकाच टेबलावर बसावा हाच त्यामागचा उद्देश. राजस्थानातल्या कोठडी मृत्यूंच्या बातमीवरून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घेतली आहे, तोही संदर्भ घाला.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. कपातीची मागणी आम्ही काढतोय. माहिती अधिकाराचा अर्ज आधी टाकून त्याचं उत्तर निवेदनाला जोडावं म्हणतो. फुटेज न मागता काय विचारलं तर नकार मिळणार नाही?

रोजनामा

बरोबर दिशा. फुटेज मागितलं की तपासात अडथळा येतो म्हणून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ज) किंवा खासगीपणा म्हणून ८(१)(ञ) लावतात. यंत्राची माहिती ही ना तपासाची ना खासगी. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला द्या आणि विषय "पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्ही यंत्रणा" एवढाच ठेवा:

"जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्याबाबत, अर्ज मिळाल्याच्या दिवशीची माहिती: (१) बसवलेल्या आणि चालू असलेल्या कॅमेऱ्यांची संख्या व जागा, (२) आवाजाचे रेकॉर्डिंग चालू आहे का, (३) रेकॉर्डरची साठवण क्षमता टीबीमध्ये, (४) उपलब्ध सर्वांत जुन्या फुटेजची तारीख, (५) देखभाल कराराची मुदत व वार्षिक रक्कम, (६) मागील १२ महिन्यांत बिघाडाबाबत जिल्हास्तरीय देखरेख समितीस पाठवलेल्या पत्रांच्या प्रती, (७) त्या समितीच्या बैठकांच्या तारखा व इतिवृत्ते."

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. चौथ्या आणि सातव्या मुद्द्याचं उत्तर टाळलं जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा अपिलात ते दोनच धरा. आणि अर्ज हाताने देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.